चौदा माणसे, पाच खोल्या

घरात लग्नकार्य असले की स्वयंपाकाची काळजी आचारी करतो आणि मानापानाची वडीलधारी माणसे करतात. रात्री कुणाची गादी कुठे घालायची, हे मात्र घरातली बाई ठरवते. घोरणाऱ्या काकांना पडवीत, लेकुरवाळीला भिंतीच्या कडेला, गुडघे धरलेल्या मावशींना मोरीच्या वाटेवर. ज्या दोन बहिणींचे गेल्या वर्षी वाजले त्यांच्या मध्ये एखादी गरीब स्वभावाची आत्या. हे सगळे ती कुठे लिहून न ठेवता डोक्यातल्या डोक्यात जुळवते. सकाळी पाहुणे म्हणतात, "झोप अगदी छान लागली हो!" तिची स्वतःची गादी कुठे होती, हे कुणालाच आठवत नाही. पुष्कळदा ती नसतेच.

मोठ्या कुटुंबासाठी सहलीच्या बोटीवरच्या खोल्या ठरवणे म्हणजे हेच काम. फरक इतकाच, की इथे गाद्या ऐनवेळी ओढता येत नाहीत. प्रत्येक गादीला पैसे पडतात आणि कोण कुठे निजणार ते तीन-चार महिने आधी नावानिशी लिहून द्यावे लागते. शिवाय हे काम घरातले पुरुष हौसेने अंगावर घेतात, कारण त्यात कॉम्प्युटर असतो आणि हिशेब असतो. हिशेब ते चोखच करतात. गाद्यांचे गणित राहून जाते.

आमच्याकडे हा योग आला तो सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने. हॉल घ्यायचा, तीनशे पाने उठवायची, "कृपया आहेर आणू नये" असे पत्रिकेवर छापायचे, असा थोरल्या दिरांचा बेत होता. सासूबाई म्हणाल्या, "शांत घरच्या घरी करा. भटजी आणि आपण. पैसे उरले तर मला एकदा बोटीने न्या."

कोकणातल्या माणसांना यातली गोम लगेच कळेल. सासूबाई १९६१ साली गिरगावातून लग्न होऊन विजयदुर्गला आल्या त्या बोटीने. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका आणि वळकट्या चढवायच्या, डेकवर जागा धरून सतरंजी टाकायची आणि सगळे वऱ्हाड तिच्यावर. "खोल्या कसल्या गं! सतरंजीच्या कडेला चपला काढल्या की ती आपली हद्द," असे त्या सांगतात. बंदर आले की बोट लांब उभी राही आणि होडीत उतरून किनारा गाठावा लागे. नव्या नवरीला लुगडे सावरत होडीत उतरताना मेली भीती वाटली होती, हे त्या अजून हसत हसत सांगतात. पुढे त्या बोटी बंद पडल्या, एस.टी. घरोघरी पोचली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली. बोट राहिली ती आठवणीत.

आता मुंबईहून पुन्हा मोठ्या बोटी गोव्याकडे जातात, पण त्या प्रवासाच्या नव्हेत, सहलीच्या. बोट म्हणजे पाण्यावरचे दहा मजली हॉटेलच. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला, म्हणून हंगाम हिवाळ्याचा. आम्ही जानेवारी २०२४ मधली तीन रात्रींची फेरी ठरवली.

माणसे मोजली तर चौदा. सासूबाई. थोरले दीर आणि जाऊबाई, पुण्याचे. त्यांचा मुलगा, सून आणि चौदा महिन्यांचे बाळ. आम्ही रत्नागिरीचे तिघे – हे, मी आणि सतरा वर्षांचे चिरंजीव. धाकटे दीर नाशिकचे, धाकट्या जाऊबाई आणि त्यांच्या अकरा व आठ वर्षांच्या दोन मुली. शेवटी वन्सं. शेवटी अशासाठी, की आमच्या घरात कसलीही यादी केली तरी वन्संचे नाव शेवटीच येते. लग्न केले नाही. चिपळूणला शाळेत शिकवत होत्या, २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. मामंजी २०११ मध्ये गेल्यापासून सासूबाई त्यांच्याजवळच असतात. "ताई आहे म्हणून आम्ही निर्धास्त," असे आमच्याकडचे तिन्ही पुरुष वेळोवेळी म्हणतात आणि ते खरेच मनापासून म्हणतात.

थोरल्या दिरांनी आठ दिवसांत कागद तयार करून सगळ्यांच्या मोबाइलवर धाडला. पाच खोल्या. बाल्कनीची एक – थोरले दीर आणि जाऊबाई. खिडकीची एक – सासूबाई आणि वन्सं. बाकी तीन आतल्या, बिनखिडकीच्या. एकीत पुतण्या, सून आणि बाळ, दुसरीत आम्ही तिघे, तिसरीत धाकटे चौघे. खाली बेरीज, कर, बंदराचे शुल्क, सगळे पैशापैशापर्यंत. बोट ठेवायला जागा नव्हती.

इथे दराची रीत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना करायचे असेल त्यांना उपयोगी पडेल. बोटीवर दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि तो दोघे एका खोलीत राहणार असे धरून सांगतात. समजा, माणशी १०० रुपये दर आहे. दोघांचे झाले २००. त्याच खोलीत तिसरे आणि चौथे माणूस घातले, तर त्यांचा दर पुष्कळदा बराच कमी पडतो. पण एकट्या माणसाने खोली घेतली, तर तिला दुसऱ्या रिकाम्या गादीचेही पैसे भरावे लागतात. म्हणजे एकटीला जवळजवळ दुप्पट! विधवा आजी, अविवाहित आत्या, एकटी राहणारी मावशी यांना बोटीच्या सहलीत कुणाच्या ना कुणाच्या खोलीत 'बसवतात' ते यामुळे. यात कुणाची दुष्टबुद्धी नसते. हिशेबच तसा आहे. दोघांपैकी एकाने ऐनवेळी येणे रद्द केले, तरी उरलेल्याला एकट्याचा दर लागू शकतो, हेही आधी विचारून घ्यावे. वर जी रक्कम जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसते तिच्यात कर, बंदराचे शुल्क आणि नोकरचाकरांची माणशी रोजची बक्षिसी धरलेली असतेच असे नाही.

खोल्यांचे प्रकार मुख्यतः चार. आतली, म्हणजे खिडकी नसलेली, सर्वांत स्वस्त. मग खिडकीची, ती खिडकी उघडत नाही, नुसती बाहेर बघायची. मग बाल्कनीची. त्यावर ऐसपैस स्वीट. आतली खोली मुंबईतल्या एखाद्या बेडरूमएवढीच, १२० ते दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, न्हाणीघर धरून. चार जणांची म्हणतात तीसुद्धा तेवढीच. दोन बर्थ रेल्वेसारखे भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, एवढेच. चार माणसांच्या चार बॅगा त्या खोलीत उघड्या ठेवून दाखवाव्यात, असे मला त्या छायाचित्रे काढणाऱ्यांना सांगावेसे वाटते.

तो कागद मी दुपारी भांडी आवरल्यावर पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. सवयीप्रमाणे प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहिली – रात्री किती वेळा उठतात. बाळ दोनदा. म्हणून सूनबाई दोनदा. हे एकदा. सासूबाई तीनदा, कधी बाथरूमला, कधी पाय वळतात म्हणून, कधी नुसतेच "किती वाजले गं" विचारायला. आणि वन्संच्या नावापुढे हात थांबला. वन्सं एरवी गाढ झोपणाऱ्या. पण त्याही तीनदा, कारण सासूबाई तीनदा.

म्हणजे तेरा माणसे सहलीला निघाली होती आणि चौदावे माणूस चिपळूणची रात्रपाळी बोटीवर करायला चालले होते. त्यासाठी स्वतःचे पैसेही भरणार होते! वन्संनी निरोप कधीच धाडला होता, "माझा वाटा माझ्या पेन्शनमधून. कुणी भरायचा नाही."

मी त्यांना फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, "वन्सं, खोल्या ठरताहेत. तुम्हाला कुणाबरोबर खोली हवी?"

"मला काय विचारतेस? आईजवळ."

"ते कागदावर आहेच. मी तुम्हाला हवी कुठली, ते विचारतेय."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला एक रात्र सकाळपर्यंत सलग झोपायचंय. बाकी बोट काय, गोवा काय, मी पाहिलंय सगळं." आणि लगेच, "हे तू कुणाला बोलू नकोस हो. आईला वाटेल मी कंटाळले. मी कंटाळले नाहीये."

कंटाळल्या नव्हत्या, दमल्या होत्या. आपण बायका या दोन शब्दांत फरक करतो. तो पुरुषांना एकदा समजावून सांगावा लागतो.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे कागद ठेवला. ह्यांचे पहिले म्हणणे, "मग ताईला वेगळी खोली घेऊ. होऊ दे खर्च." पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. वन्संना वेगळी खोली दिली तर सासूबाई रात्री एकट्या, आणि आपली आई पलीकडे एकटी आहे म्हटल्यावर वन्संना कसली झोप लागते! प्रश्न खोलीचा नव्हताच. आईच्या बाजूच्या गादीवर दुसरे कोण निजणार, हा होता. तो ह्यांनाही कळला. थोडा वेळ पंख्याकडे बघून म्हणाले, "दादाला सांगायचं कोणी?"

मी आधी जाऊबाईंना सांगितले. घरातला कुठलाही बदल थोरल्या जावेला डावलून करू नये, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. बाल्कनीची खोली त्यांच्या नावाची होती, आणि त्यांनी हौसेने घेतली होती. मी म्हटले, "वहिनी, एक अदलाबदल सुचतेय. भावजी सासूबाईंच्या खोलीत आणि वन्सं तुमच्याबरोबर बाल्कनीत. खोल्या पाचच, पैसे तेवढेच."

वाटले, गप्प होतील. तर त्या फोनवर हसायलाच लागल्या. "अगं, पस्तीस वर्षं घोरणं ऐकतेय. तीन रात्री सुट्टी मिळाली तर मी नाही म्हणेन होय?" मग आवाज बदलून म्हणाल्या, "वन्संचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मोठी ना."

थोरल्या दिरांना मात्र जड गेले. अहंकाराने नव्हे. ते म्हणाले, "आईचं करायला माझी ना नाही. पण रात्री बाथरूमला नेणं वगैरे... ते बाईमाणसाचं काम आहे. आईलाही संकोच वाटेल." हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पुष्कळ घरांत तो न बोलता असतो आणि तिथेच गाडी अडते. आम्ही तो सासूबाईंपुढेच ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "मला काय न्हाऊ घालायचंय? हात धरून दारापर्यंत ने, पुढचं माझं मी बघते. तू पाच वर्षांचा होईस्तोवर तुला परसात मीच नेत होते, कंदील घेऊन. तेव्हा नाही वाटला संकोच तो!"

विषय संपला.

मग खऱ्या अर्थाने खोल्या निवडायला बसलो, आणि कळले, की बोटीचा नकाशा बघणे हे घराचा नकाशा बघण्यासारखेच आहे. वर काय, खाली काय, शेजारी काय. स्वयंपाकघराखालची खोली घेतली तर पहाटेपासून भांडी वाजणार. पोहण्याच्या तलावाखालची घेतली तर सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज. नाटकगृहाजवळची घेतली तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. जिच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या ती शांत. बोट हलते ती टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली त्यातल्या त्यात स्थिर. ज्यांना गाडी लागते त्यांना तिथे ठेवावे. सासूबाईंसाठी मध्यावरची, लिफ्टपासून चार पावलांवरची, खिडकीची खोली घेतली. दोन सुटे पलंग खाली, मध्ये चालायला वाट. बोटीवर न्हाणीघराला बहुधा उंबरा असतो आणि रात्री अडखळायला तेवढा पुरतो, म्हणून प्लगमध्ये खोचायचा छोटा दिवा बरोबर घेतला. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या, धरायला दांड्या असलेल्या खोल्या वेगळ्या असतात, पण फार थोड्या. ज्यांना खरी गरज आहे त्यांनी अगदी आधी सांगावे, आणि ज्यांना नाही त्यांनी 'मोठी मिळते' म्हणून अडवू नये.

आतली खोली वाईट, असा आमच्या सूनबाईंचा समज होता. मी म्हटले, बाळासाठी तीच उत्तम. दिवा मालवला की भर दुपारीही मिट्ट काळोख, बाळ दोन-दोन तास झोपते. बाळासाठी पाळणावजा पलंग बोटीवर मिळतो, पण बुकिंगच्या वेळीच मागून ठेवावा. बाळ किती महिन्यांचे चालते तेही विचारावे. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांच्या आतले बाळ घेत नाहीत. तसेच गरोदरपणाचा २४ वा आठवडा लागला असेल तर बहुतेक बोटींवर घेत नाहीत, आणि तो हिशेब निघण्याच्या दिवशीचा नव्हे, परतण्याच्या दिवशीचा धरतात. घरात कुणी तशी असेल तर आधी तारखा मोजाव्यात.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. धाकट्या जाऊबाईंना वाटले, बाळ काय, कुठल्याही खोलीत मावेल. तसे नसते. बाळ तान्हे असले तरी बोट त्याला एक पूर्ण माणूस मोजते. कारण खोलीतल्या माणसांचा आकडा गाद्यांवरून ठरत नाही, जीवरक्षक होड्यांवरून ठरतो. बोटीच्या अमुक भागातली माणसे अमुक होडीत, अशी वाटणी असते. म्हणून कधी कधी खोलीत चार बर्थ रिकामे दिसतात, तरी एजंट सांगतो, "या भागात आता तिसरे माणूस घेता येत नाही." तो अडवणूक करत नसतो. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा होड्या माणसांच्या निम्म्यालाच पुरणार होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये देशोदेशींनी करार केला, त्यातून हे नियम वाढत गेले. आपल्याकडच्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या. त्यांच्या चाळीत त्या रात्री कुणाच्याच घरी चूल पेटली नव्हती, एवढे त्यांना आठवते. होड्यांचा नियम ऐकल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मोजतात ना नीट? मग बरं."

म्हणूनच बोटीवर चढल्यावर मनाने खोल्या बदलू नयेत. धोक्याच्या वेळी कुणी कुठे जमायचे, ते नेमून दिलेले असते. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आपटली, त्यानंतर ही तालीम बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटता सुटता घ्यावी असा नियम झाला आहे. तिला दांडी मारू नये. आम्ही अदलाबदल केली ती कागदावर नावे बदलून.

धाकट्यांच्या खोलीत वरचे दोन बर्थ मुलींना दिले. शिडी चढायची म्हणून त्या आनंदात. पण अगदी लहान मूल आणि वयस्क माणूस यांना वरचा बर्थ देऊ नये. मुले मोठी असतील आणि पैसे परवडत असतील, तर आतून दार असलेल्या दोन खोल्या मागाव्यात. मात्र नीट शब्दांत मागाव्यात. 'शेजारच्या' म्हटले की नुसत्या शेजारच्या मिळतात, आतले दार मिळत नाही. स्वस्तात हवे तर मोठ्यांना बाहेरच्या अंगाची खोली आणि मुलांना समोरची आतली, मध्ये फक्त बोळ. आमच्या खोलीत चिरंजीवांना सोफ्याचा पलंग मिळाला. भिंतीकडचा खालचा पलंग मी माझ्या नावावर आधीच सांगून टाकला. गाद्या वाटणारीने स्वतःची गादी आधी राखावी, हे मी आता लेकीसुनांना उघड सांगते.

सर्वांत स्वस्त दरात 'खोली आम्ही देऊ ती' असा एक प्रकार असतो. एकट्यादुकट्याला तो परवडतो. चौदा माणसांनी घेतला तर एक खोली तिसऱ्या मजल्यावर, एक नवव्या मजल्यावर. आजीला गोळी द्यायला सातारा-कोल्हापूर करावे लागेल! आम्ही खोल्यांचे आकडे आधी घेतले. चार एका बोळात, एक वरच्या मजल्यावर. दर खोलीची पावती वेगळी होते, म्हणून पाचही पावत्या एकमेकींना जोडून घ्यायला एजंटला सांगितले, म्हणजे जेवणाचे टेबल एकत्र मिळाले. शाकाहारी आणि बिनकांद्याचे कोण, तेही तेव्हाच कळवले. नावे ओळखपत्रावर असतील तशीच द्यावीत. आमच्या थोरल्या जाऊबाईंचे माहेरचे नाव एका कार्डावर आणि सासरचे दुसऱ्यावर. ते आधी पाहिले म्हणून बरे.

पैशांचे ठरले ते असे. प्रत्येकाने आपल्या घरच्यांचे भरायचे. सासूबाईंचे चौघा भावंडांनी समान. वन्संनी समानच भरले. त्यांना सूट देऊ केली असती तर तो त्यांचा अपमान झाला असता. आणि बाल्कनीचा जादा पैसा थोरल्या दिरांनी भरला, स्वतः तिथे निजणार नव्हते तरी. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवले नाही. मला हिशेबाच्या वहीवरून कळले.

पहिल्या रात्री बोट हलकीच डुलत होती. सकाळी चहाला थोरले दीर आले ते तांबारलेल्या डोळ्यांनी. बसले आणि ह्यांना म्हणाले, "अरे, आई रात्री तीनदा उठते." जणू ताजी बातमी. "दोनला उठली, मग झोप येईना म्हणून विजयदुर्गच्या गोष्टी सांगत बसली साडेतीनपर्यंत. बाबांनी तिला बोटीवर पहिल्यांदा काय विचारलं, ते माहितीये तुला?" ह्यांना माहीत नव्हते. आम्हा कुणालाच नव्हते. दीर म्हणाले, "मलाही नव्हतं." पुढे काय विचारले ते मात्र त्यांनी सांगितले नाही. ते आईचे आणि त्यांचे राहिले.

वन्सं चहाला आल्याच नाहीत. साडेआठला जाऊबाई एकट्याच आल्या आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "उठवू नका. एका कुशीवर आहेत रात्री दहापासून." नऊनंतर वन्सं आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. तशा मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्या आईकडे बघून जरा ओशाळल्या. सासूबाईंनी त्यांच्यापुढे इडलीची बशी सरकवली आणि म्हणाल्या, "खा. थंड झालीय." दुसऱ्या दिवशी गोव्याला मुरगाव बंदरात बोट लागली, बाकीचे उतरले, वन्सं आणि जाऊबाई उतरल्या नाहीत. दोघी दिवसभर बाल्कनीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. काय बोलल्या कोण जाणे. तीस-पस्तीस वर्षांत दोघींना एकत्र रिकामा दिवस मिळाला तो तेवढाच.

घरी परतल्यावर महिनाभराने थोरल्या दिरांचा फोन आला. या वेळी कागद नव्हता. दर तीन महिन्यांनी आठवडाभर तिघा भावांपैकी एकाने चिपळूणला येऊन राहायचे, आईच्या खोलीत निजायचे, आणि त्या आठवड्यात वन्संनी हवे तिथे जायचे, असे त्यांनी सुचवले. पहिला आठवडा स्वतः येऊन काढला. तेव्हापासून ते चालू आहे. कधी एखाद्याची कचेरी आडवी येते, आठवडा पुढे ढकलावा लागतो. पण बुडवलेला नाही. वन्सं पहिल्या आठवड्यात नरसोबाच्या वाडीला गेल्या. दुसऱ्यात कुठेच गेल्या नाहीत, मैत्रिणीकडे जाऊन झोपल्या.

तुमच्या घरात असा बेत निघाला, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. औषधे, बाळाचे कपडे आणि ओळखपत्रे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बोटीवर पुष्कळ उशिराने खोलीत येतात. इस्त्री, किटली बहुधा नेऊ देत नाहीत. खोल्यांच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून फ्रिजवर लावतो तसले लोहचुंबकी हूक सात-आठ न्या. ओले टॉवेल आणि पिशव्या टांगायला फार सोयीचे पडतात. पैसे रद्द करण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवस जवळ येतील तशी कापली जाणारी रक्कम वाढते.

आणि पहिली यादी कुणीही करो, पेन्सिल हातात घेऊन प्रत्येक नावापुढे लिहा – रात्री किती वेळा उठतात, आणि कुणासाठी. ज्या नावापुढे "दुसऱ्यासाठी" असे येईल, त्या बाईला फोन करा आणि विचारा, तुला कुठली गादी हवी. पहिल्यांदा ती "मला काय, कुठेही" असेच म्हणेल. फोन लगेच ठेवू नका.